नावाला मीठ

"थुंकू नका आक्का. अन्न आहे ते."

"अन्न? तोंडात मिठाचा खडा धरल्यासारखं झालं मला. पाणी दे आधी."

"मीठ नाहीच आहे त्यात. म्हणजे आहे, नावाला. नखावर मावेल एवढं."

"कुणाच्या नखावर? हत्तीच्या?"

"थट्टा नको. चाखूनच डबा भरलाय मी. बावीस वर्षं चाखण्याचाच पगार घेतेय. मला मीठ शिकवू नका."

"मी कोण शिकवणार बाई. तुझा नवरा फुगत चाललाय, तो शिकवेल."

ओट्यावर पत्र्याचा उभट डबा उघडा पडला होता आणि त्याच्या दोन बाजूंना दोघी उभ्या होत्या. आक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. रुग्णालयात आया म्हणून तीस वर्षं काढलेली; समोर माणूस आला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी पायाकडे बघणारी. चार दिवसांपूर्वी ती एक पिशवी आणि एक वजनकाटा घेऊन आली होती. रोज सकाळी भावाला काट्यावर उभं करायची आणि आकडा कॅलेंडरवर लिहायची. मग त्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरायची. अंगठा उचलला तरी खळगा भरून यायचा नाही. कणकेत बोट रुतवावं तसा तो तिथेच राहायचा.

"चार दिवसांत अडीच किलो," आक्का म्हणाली. "सूप मी करते, भाकरी मी करते, चिमूटभर मीठ पडत नाही त्यात. गोळी दुप्पट केलीय डॉक्टरांनी. मग हे पाणी साठतंय कुठून? मला वाटलं, बाहेरून कुणी आणून देतंय. इथे बघते तर घरातच कारखाना."

"अहो, डॉक्टरच म्हणाले होते, अगदी बंद नको, किंचित चालेल."

"किंचित म्हणाले होते ना? हे किंचित आहे?"

आतल्या खोलीतून खोकला आला, आणि पाठोपाठ नवऱ्याचा दमलेला आवाज. "कशाला सकाळी सकाळी डोकी फोडताय? ठेवा तो डबा वर."

तो खिडकीशी खुर्चीत होता, पाठीशी तीन उशा. दीड महिना झाला, त्याला आडवं झोपता येत नव्हतं. आडवं झालं की पाणी छातीत चढायचं आणि माणूस बुडाल्यासारखा धडपडत उठायचा. दोनदा रुग्णालयात ठेवून झालं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हृदयाचा पंप जेमतेम चालतोय. पुन्हा असं पाणी भरलं तर मी शब्द देऊ शकत नाही. मीठ सांभाळा. औषधापेक्षा ते मोठं आहे."

आणि मीठ सांभाळायला तिच्याहून योग्य बाई कुठे मिळाली असती?

कारखान्यात तिला सगळे जीभताई म्हणायचे. बटाट्याच्या चिप्सचा कारखाना. एका टोकाला बटाटे सोलून निघायचे, मध्ये तेलाची लांबलचक कढई, आणि दुसऱ्या टोकाला माणूस आत उभा राहील एवढा स्टीलचा ड्रम गरागरा फिरत असायचा. त्यात चिप्स पडायचे आणि वरून मसाल्याची भुकटी. ड्रमच्या तोंडाशी जीभताईचं उंच स्टूल. दर अर्ध्या तासाला पट्ट्यावरून पाच चिप्स उचलायचे, चावायचे, जिभेवर फिरवायचे, मगमध्ये थुंकायचे, कोमट पाण्याने चूळ भरायची आणि ड्रमवाल्याला ओरडून सांगायचं, "चढव," किंवा "उतरव," किंवा नुसता पंजा दाखवायचा, म्हणजे राहू दे.

ती पॅकिंगला लागली होती. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणाली, आजच्या मालात मीठ डावं आहे. साहेबांनी तपासलं तर खरंच कमी निघालं. त्या दिवशी तिला त्या स्टुलावर बसवलं, ते बसवलंच. त्या जिभेसाठी तिने कांदा सोडला, लसूण सोडला, कामाआधी तासभर चहा सोडला. नवे साहेब आले की गमतीत म्हणायचे, "ताई, जपा हां, तुमच्या तोंडात कंपनीची मालमत्ता आहे." ती हसायची. पण आरशासमोर जीभ बाहेर काढून न्याहाळायची, पैलवान दंड न्याहाळतो तशी.

घरी तिने आयुष्यात चमचा लावून मीठ मोजलं नाही. मोजमाप ज्यांना जीभ नाही त्यांच्यासाठी, असं ती म्हणायची.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत वरखाली करून संध्याकाळी स्वतःच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे दोन मजले पायांनी चढून यायचा. मूलबाळ नव्हतं. शनिवारी कारखान्यातून तुटक्या चिप्सची पिशवी मिळायची, आणि शनिवारची संध्याकाळ हाच त्या दोघांचा सण. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर चुरा ओतायचा. मग तिचे उद्योग सुरू. गोड बिस्किटाला जॅम लावून वर चिप्सचा चुरा थापायचा आणि दुसऱ्या बिस्किटाने झाकायचं. कच्चे नूडल्स हाताने मोडून त्यात शेंगदाणे, साखर आणि टोमॅटो सॉस. शिळ्या पावाच्या कडा तेलात कडक तळून त्यांच्यावर दुधाची पावडर. पाहुण्यांना दाखवता येणार नाहीत असले प्रकार. दोघं चोरासारखे बसून बोटं चाटत खायचे, आणि तो म्हणायचा, "तुला कारखान्याने नुसती जीभ लावायला ठेवलीय, डोकं लावायला ठेवलं असतं तर आपण आज बंगल्यात असतो."

मग आठ महिन्यांपूर्वी त्याचं हृदय दमलं, आणि शनिवार बंद झाला.

पहिले पंधरा दिवस तो ताटासमोर नुसता बसायचा. उकडलेली भाजी चमच्याने इकडून तिकडे ढकलायचा. एकदा घास तोंडात धरून रडला. साठीचा माणूस, घास गिळेना आणि टाकेना. तिला ते बघवलं नाही. तिने तुटके चिप्स नळाखाली धुऊन, वाळवून पुन्हा तळून बघितले. ओल्या पुठ्ठ्यासारखे लागले. मग डोकं चालवलं आणि मॅकरोनी उकडली, कापडावर पसरून दिवसभर वाळवली, तेलात सोडली. टम्म फुगलेल्या, पोकळ, कुरकुरीत नळ्या. वर लिंबाची भुकटी, भाजलेलं जिरं, आणि नावाला मीठ. स्वतः एक चाखली. अगदी फिकी. फिकीच हवी होती.

नवऱ्याने एक तोंडात टाकली. कुरकुर असा आवाज झाला. डोळे मिटून त्याने ती सावकाश चावली आणि दुसरी उचलली.

"चालेल?" तिने विचारलं.

"धावेल," तो म्हणाला.

तिला वाटलं, नवरा परत मिळाला.

तेव्हापासून डबा रिकामा राहिला नव्हता. आणि आज आक्काने त्याच डब्यातली नळी तोंडात टाकून नळाखाली थुंकली होती.

"हे बघा आक्का," जीभताईने कागदाच्या पुडीत सात-आठ नळ्या बांधल्या. "कारखान्यात मीठ मोजायचं यंत्र आहे. आज मोजून आणते. आकडा आणला म्हणजे तरी पटेल ना?"

"आण. कॅलेंडरवर त्याच्या वजनाशेजारीच लिहून ठेवू."

नवरा खिडकीबाहेर बघत होता. ती पर्स घेऊन निघाली तेव्हा तो म्हणाला, "अगं, कशाला ते यंत्रबिंत्र? आक्काला काहीही खारट लागतं. म्हातारपण आहे."

"नाही कसं? मोजतेच."

"नको म्हणतोय ना मी."

पण ती तोवर जिन्यात होती. नको म्हणण्यातला जोर तिला चार पायऱ्या उतरल्यावर जाणवला, आणि पाचव्या पायरीवर ती तो विसरली, कारण तिला राग आला होता आणि राग आला की तिला फक्त पुढचं दिसायचं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ड्रम थांबला. ड्रमवाला तिच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी लहान, कानात कापूस घालणारा, कमी बोलणारा माणूस. चौदा वर्षं ती ओरडायची आणि तो हँडल फिरवायचा.

"भाऊ, यंत्र लाव जरा. घरचं आहे, पण मोज."

त्याने नळ्या खलबत्त्यात कुटल्या, मोजून पाण्यात ढवळल्या, यंत्राची काडी त्यात बुडवली. काचेत आकडे धावले आणि थांबले.

"किती?"

"थांबा. पुन्हा लावतो." त्याने काडी धुतली, पुसली, पुन्हा बुडवली.

"अरे, किती?"

"साडेचार."

"आपल्या मालाला किती येतं?"

"दीड. फार तर पावणेदोन."

ती हसली. खरंच हसली. "म्हणजे चिप्सच्या तिप्पट? भाऊ, यंत्र बिघडलंय. मी स्वतः चाखलंय ते. आळणी आहे."

ड्रमवाल्याने कानातला कापूस काढला आणि बोटांत मळत राहिला. त्याने पुडीतली उरलेली एक नळी उचलून जिभेला लावली आणि परत कागदावर ठेवली.

"यंत्र ठीक आहे, ताई."

"मग गेल्या वर्षभरात माझं आणि यंत्राचं एकदा तरी भांडण झालंय का, सांग. रोजच्या वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत. एकदा तरी फरक पडलाय?"

"नाही पडला."

"मग?"

तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही चढव म्हणता ना ताई, तेव्हा मी हँडलला नुसता हात लावतो. फिरवत नाही."

ड्रम बंद होता, तरी तिला क्षणभर तो फिरल्यासारखा वाटला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल. एक माल परत आला होता, आठवतं? खारट म्हणून. तुम्ही म्हणालात, लोकांच्या जिभा बिघडल्यात. त्यानंतर मी यंत्रावर बघूनच चालवतो. तुम्ही चढव म्हटलं की हात लावतो, थोडं थांबतो, मग तुम्ही पुन्हा चाखता आणि म्हणता, आता बरोबर."

"म्हणजे तेच चिप्स."

"तेच."

"आणि पॅकिंगच्या बायका माझ्या डब्यातलं घेईनाशा झाल्या, ते?"

त्याने कापसाची गोळी मळून आणखी लहान केली. त्या बायकांना पगारवाढ झालीय म्हणून मिजास चढलीय, असं ती नवऱ्याला सांगत आली होती.

"मला सांगायचं होतंस रे."

"काय सांगणार, ताई? तुमच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. साहेबांना कळलं असतं तर त्या स्टुलावरून उठवलं असतं तुम्हाला. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, मालाला धक्का नाही ना लागत, मग राहू द्या. कुणाचं काय बिघडतंय?" पुडीकडे बघून तो थबकला. "हे घरी कोण खातं, ताई?"

तिने कागदाची घडी घातली, अगदी लहान लहान घड्या, आणि ती मुठीत घट्ट धरली.

साडेपाचला ती बसमध्ये बसली. शेजारी कुणीतरी वेफर्सचं पाकीट फोडलं. तो वास तिला पूर्वी बसच्या दुसऱ्या टोकावरून ओळखता यायचा, कुठल्या तेलाचा, किती जुन्या तेलाचा. आज तिने जिभेचं टोक दातांखाली धरून दाबलं. दुखलं तेवढं. दुखणं शाबूत होतं.

आठ महिने. दिवसाला दोन-तीन वाट्या. तिने स्वतःच्या हाताने वाटी भरून दिली होती, आणि वर डोक्यावरून हात फिरवून म्हटलं होतं, खा, यात काही नाही.

एवढं तिने सोसलं असतं. माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. आक्कासमोर, डॉक्टरांसमोर, स्वतःसमोरही. पण बस सिग्नलला थांबली आणि तिला एक वेगळीच गोष्ट आठवली. पहिल्या नळ्यांमध्ये खरोखरच थोडं मीठ होतं. तिच्या हाताला तेव्हा भीती होती. ते साडेचारापर्यंत चढलं कसं?

कारण दर तीन-चार दिवसांनी तो वाटी अर्धी ठेवायचा आणि म्हणायचा, "आज काहीतरी कमी आहे गं."

"काय कमी आहे?"

"कुणास ठाऊक. मागच्या वेळची मजा नाही."

मग ती पुढच्या घाण्याला लिंबू वाढवायची, जिरं वाढवायची. तरी कमीच. मग एक चिमूट. तेव्हा तो म्हणायचा, "हां, आज जमलं." आठ महिन्यांत त्याने मिठाचं नाव एकदाही काढलं नव्हतं. लिफ्ट मजल्याच्या बरोबरीला आणताना तो असाच करायचा. एक केसभर वर, थांब, बघ, आणखी एक केसभर वर. आणि त्याची जीभ तर कांदा-लसूण खाणाऱ्या साध्या माणसाची होती. आक्काची होती तशीच.

ती घरात शिरली तेव्हा आक्का नव्हती. उद्या सकाळी त्याला रुग्णालयात न्यायचं म्हणून खुर्चीत बसवून खाली उतरवणारी दोन माणसं ठरवायला गेली होती. दाराशी तिने पिशवी भरून ठेवली होती, टॉवेल, पेला, गोळ्या, कागदपत्रं. कॅलेंडरवर आजच्या आकड्याखाली दोन रेघा होत्या.

नवरा खिडकीशी नव्हता. स्वयंपाकघरात होता, ओट्याला टेकून. समोर डबा, झाकण बाजूला. तिला बघून त्याचा हात थांबला. ओठाला जिऱ्याचा कण लागलेला होता.

"आलीस? आज लवकर?"

"रोजच्याच वेळेला."

"आक्काने सूप केलंय. कपडे धुतलेलं पाणी बरं." तो हसला आणि हसताना त्याला धाप लागली.

तिने स्टूल ओढलं आणि बसली. "एक विचारू?"

"विचार."

"तुमची जीभ धड आहे ना?"

"एवढं एकच राहिलंय धड," तो म्हणाला.

"माझी गेली."

त्याने ओट्यावरचा चुरा बोटाने गोळा केला.

"दीड वर्ष झालं म्हणे. कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. यंत्रावर साडेचार आकडा आला. आपल्या चिप्सला दीड येतो." तिचा आवाज एकसुरी होता, वहीत आकडे लिहिताना बोलायची तसा. "तुम्ही 'काय सांगतेस' म्हणाला नाहीत."

"काय म्हणायचं त्यात?"

"काहीतरी. माणूस काहीतरी म्हणतो. बायकोची जीभ मेली, असं कळलं तर दचकतो तरी."

त्याच्या श्वासात बारीक बुडबुडल्यासारखा आवाज होता, भांड्याच्या तळाशी पाणी उकळायला लागतं तसा.

"मला वाटलं मी तुम्हाला थोडंसं सुख देतेय," ती म्हणाली. "शनिवारसारखं. मी रांधत होते आणि तुम्हाला कळत होतं माझा हात सुटलाय. पहिल्या महिन्यातच कळलं असेल. एक शब्द बोलला असतात तर मी चमचा लावला असता. आयुष्यात लावला नाही, पण लावला असता."

"अगं, उद्या न्यायचंच आहे मला. आता कशाला हे?"

"उद्या डॉक्टर मला विचारतील. आक्का विचारतील. कुणी दिलं म्हणून. मी दिलं, हे खरंच आहे. त्यांना मी तेच सांगणार. पण मला एक सांगा." ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही म्हणायचात, काहीतरी कमी आहे. काय कमी असायचं?"

त्याने तिच्याकडे बघितलं. मग डब्याकडे.

"मी विचारतेय तुम्हाला. काय कमी असायचं?"

त्याने झाकण उचललं, डब्यावर ठेवलं आणि दोन्ही तळहातांनी कडेकडेने दाबून घट्ट बसवलं, हवा शिरू नये, नळ्या मऊ पडू नयेत असं. मग भिंतीला धरत तो दाराशी गेला. चपलेत पाय शिरेना. सुजलेल्या पावलावर पट्टा पुरेना. त्याने पट्टा तसाच लोंबता ठेवला, टाचा बाहेर ठेवून चपला घासत नेल्या, आणि दार उघडून जिन्यात उतरला.

तिला त्याची एकेक पायरी ऐकू येत होती. चप्पल, श्वास, चप्पल, श्वास. दोन मजले. उतरायला डॉक्टरांनी कधी मनाई केली नव्हती. मनाई होती ती चढायची, आणि ते त्यालाही माहीत होतं.